स्टेलारिस: तारे मिळतात, वाणसामान संपतं

इसवी सन 2200, एक ग्रह, एक सूर्य, तीन लढाऊ नौका, एक संशोधन नौका आणि एक बांधकाम नौका. पॅराडॉक्स कंपनीचा 'स्टेलारिस' हा अंतराळात साम्राज्य उभारण्याचा संगणक गेम इथून सुरू होतो. गेम मे 2016 मध्ये आला. तेव्हापासून त्याची आर्थिक व्यवस्था इतक्या वेळा मोडून पुन्हा बांधली गेली, की 2017 च्या सल्ल्यावर आज कुणी खेळायला बसलं तर गेममधल्या पहिल्या पन्नास वर्षांत दिवाळं निघेल. हे परीक्षण 4.0 आवृत्तीनंतरच्या गेमचं आहे. त्यातली बरीच गणितं आधीच्या 3.x आवृत्त्यांनाही लागू पडतात.

अंतराळयुद्ध पाहायला येणाऱ्यांची इथे निराशा होते. लढाई सुरू झाली की तुमच्या हातात फारसं काही उरत नाही, ताफा आपापला लढतो. खरा खेळ त्याआधीचा, हिशेबाच्या वहीतला. आणि त्या वहीत साम्राज्य मोठं करणं हाच सगळ्यात महागडा खर्च आहे.

पहिली अडचण इन्फ्लुएन्सची, म्हणजे विस्तारासाठी खर्चायच्या राजकीय वजनाची. नव्या तारामंडळात आउटपोस्ट (ताबा सांगणारा छोटा तळ) उभारायला साधारण 100 अलॉय (मिश्रधातू) आणि 75 इन्फ्लुएन्स लागतात, अंतर वाढलं की इन्फ्लुएन्सचा आकडाही चढतो. पायाभूत मिळकत महिन्याला 3. म्हणजे इतर काही भर नसेल तर एका आउटपोस्टसाठी 25 महिने. अलॉय बाजारातून विकत घेता येतात, इन्फ्लुएन्स घेता येत नाही. म्हणून नकाशा डोळे भरून पाहावा आणि जवळच्या प्रत्येक ताऱ्यावर झेंडा रोवण्याऐवजी वाटा अडवणारे तारे आधी पकडावेत. 2018 च्या 2.0 आवृत्तीपासून सगळ्यांचा नेहमीचा प्रवास हायपरलेनवरून, म्हणजे ताऱ्यांना जोडणाऱ्या ठरलेल्या वाटांवरून होतो. त्यामुळे दोन खिंडी आपल्या हातात असतील तर मागचा प्रदेश कुणी पळवत नाही, तो सावकाश भरता येतो. खिंडीतल्या तळाला एफटीएल इनहिबिटरचं (ताफ्याची पुढची उडी रोखणारं) तंत्र मिळालं की शत्रूचा ताफा तो तळ पाडल्याशिवाय पुढे सरकत नाही, आला त्या वाटेने परत जायला मात्र मोकळा असतो. साधे आउटपोस्ट तळांच्या मर्यादेत धरले जात नाहीत. वाढवलेले तळ धरले जातात, आणि मर्यादा ओलांडली की देखभालीचा खर्च चढू लागतो. तळ सजवायचा मोह खिंडीपुरता आणि जहाजबांधणीपुरता ठेवावा.

सुरुवातीच्या महिन्यांत दुसरी आणि तिसरी संशोधन नौका हवीच. एकीची किंमत 100 अलॉय आणि वर तिच्यावरच्या शास्त्रज्ञाचा खर्च. नवशिका इथे काटकसर करतो आणि शेजाऱ्याने सगळं पाहून घेतल्यावर त्याला कळतं की सर्वेक्षण न झालेल्या मंडळात आउटपोस्टही बांधता येत नाही.

मग वसाहती. वसाहत वसवणाऱ्या नौकेची (कॉलनी शिप) किंमत 200 अलॉय, 200 अन्न आणि 200 कंझ्युमर गुड्स, म्हणजे रोजच्या वापराचं वाणसामान. राहण्यालायक ग्रह दिसला की पाठवली, असं करणाऱ्यांचं बिंग दहाएक वर्षांत फुटतं. नवी वसाहत बरीच वर्षं फक्त खाते. तिथे लोक नाहीत, कामं नाहीत, पण देखभाल चालू. शिवाय प्रत्येक वसाहत साम्राज्याच्या आकारात भर घालते. लोकसंख्या, तारामंडळं आणि ग्रहांवर बांधलेले जिल्हेही त्यात मोजले जातात. आकाराचे पहिले 100 बिंदू फुकट. पुढचा प्रत्येक बिंदू संशोधन आणि परंपरांची (साम्राज्याला कायमचे फायदे देणारे टप्पे) किंमत थोडी थोडी वाढवतो. 'आकार 100 च्या खाली ठेवा' हा जुना सल्ला अजून फिरतो, तो सरसकट पाळू नये. भरलेली वसाहत जेवढं संशोधन देते, ते तिने वाढवलेल्या किमतीपेक्षा बहुतेक वेळा जास्त असतं. नुकसान होतं ते अर्धवट भरलेल्या पाच-सहा वसाहती एकदम पोसताना.

आता या गेमचा खरा गाभा, म्हणजे उत्पादनाची साखळी. धातुकाम करणारे 6 खनिजं घेऊन 3 अलॉय देतात. कारागीर 6 खनिजं घेऊन 6 कंझ्युमर गुड्स देतात. हे मूळ आकडे, तंत्रज्ञान आणि परंपरा मिळत जातात तसे वाढतात. संशोधक कंझ्युमर गुड्स खातात आणि लोकांच्या राहणीमानालाही तेच लागतात. नवा खेळाडू शेजाऱ्याच्या भीतीने अलॉयचे कारखाने उभारतो आणि खनिजं उणे जातात. खाणी वाढवतो, तर खाणीत जायला माणसं नाहीत, कारण सगळी कारखान्यात. संशोधन वाढवतो आणि वाणसामान संपतं. साठा शून्यावर आला आणि महिन्याचा आकडा उणेच असला, तर टंचाईची स्थिती सुरू होते. तिच्यात उत्पादन घटतं, लोक नाराज होतात, आणि घटलेल्या उत्पादनातूनच टंचाई भरून काढायची असते.

यातून बाहेर पडायचे नियम साधे आहेत, पण गेम ते कुठेच सरळ सांगत नाही. इमारत माणसांच्या मागोमाग बांधायची. रिकाम्या कामांची इमारत वीज खाते आणि देत काहीच नाही, म्हणून नवी इमारत तेव्हाच, जेव्हा ग्रहावर बेकार लोक दिसतात किंवा थोड्याच महिन्यांत दिसणार असतात. बेकार लोक आपोआप दुसऱ्या ग्रहावर कामाला जाऊ शकतात, पण हे स्थलांतर हळू चालतं. दुसरं, एका ग्रहाला एकच काम. अलॉयच्या ग्रहावर अलॉयच, संशोधनाच्या ग्रहावर संशोधनच. ग्रहाला दिलेला दर्जा त्या कामाचं उत्पादन वाढवतो. 4.0 मध्ये शहरी जिल्ह्यांनाही विशेषीकरण देता येतं, त्यामुळे सगळं थोडं थोडं करणारा ग्रह आता आणखीच वाया जातो. राजधानी हा अपवाद, तिथे सुरुवातीची पंचवीस-तीस वर्षं मिसळ चालते.

बाजार हा तिसरा आधार. खरेदीवर मूळ शुल्क 30 टक्के, आणि जितकं एकदम घ्याल तितका भाव चढतो. अडीनडीला एकदम 1000 खनिजं उचलण्यापेक्षा महिन्याला 10 किंवा 20 ची कायमची खरेदी लावून ठेवावी. भाव तेवढ्यात सावरतो आणि महिन्याच्या 1 तारखेला माल आपोआप जमा होतो. 4.0 पासून व्यापार ही स्वतंत्र संपत्ती झाली आहे. बाजारातली खरेदी त्यातूनच भागते, आणि एखाद्या ग्रहाला दुसरीकडून माल आणावा लागला तर त्याची वाहतूकही त्यातूनच. एक ग्रह एक काम या शिस्तीची ही नवी किंमत. व्यापाराचा आकडा उणे दिसला तर एखाद्या ग्रहावर व्यापाराची कामं वाढवणं, हा पहिला उपाय. जुन्या व्यापारमार्गांची आणि त्यांवरच्या चाच्यांची कटकट या बदलात गेली, त्याबद्दल कुणी रडलं असेल असं वाटत नाही.

स्थैर्य हा एकच आकडा ग्रहाची तब्येत सांगतो. 50 च्या वर असेल तर उत्पादनाला बक्षीस, खाली गेला तर दंड, 25 च्या खाली बंडाचा धोका. जिंकलेल्या ग्रहांवर हा आकडा हमखास घसरतो. लोक परके, नाराज, निम्म्या इमारती मोडलेल्या, उरलेल्या निम्म्या आपल्या कामाच्या नाहीत. म्हणून युद्धात पाच ग्रह एकदम घेण्याऐवजी दोन घ्यावेत, सुविधा आणि बंदोबस्ताच्या इमारती आधी उभारून ते सावरावेत, मग पुढे जावं. युद्धाचं हक्काचं हत्यार म्हणजे दावे (शत्रूच्या तारामंडळावर आधी सांगितलेला हक्क), आणि तेही इन्फ्लुएन्सनेच विकत घ्यायचे. युद्धाचा थकवा 100 टक्क्यांना पोचल्यावर दोन वर्षांनी समोरचा 'जैसे थे' तह लादू शकतो. तेव्हा दावा केलेली आणि पूर्ण ताब्यात असलेली तारामंडळंच तुमच्याकडे राहतात. दाव्याशिवाय घेतलेला प्रदेश परत जातो, हे पहिल्या युद्धानंतर बहुतेकांना कळतं.

ग्रह पंधरा-वीस झाले की गेमचा वेग बदलतो. दर मिनिटाला कुठल्या ना कुठल्या ग्रहावर बेकार लोक, रिकामी कामं, घरं अपुरी. पडद्यावर उजवीकडची यादी खेळाडूला नुसती पळवत राहते. ग्रह आपोआप चालवण्याची सोय आहे, पण ती भरवशाच्या कारकुनासारखी नाही. कधी लोकांआधी इमारती बांधून वीज उडवते, कधी तुम्हाला हवं त्यापेक्षा वेगळंच पिकवते. खाणी आणि शेतीच्या ग्रहांवर ती चालून जाते. संशोधन आणि अलॉयचे ग्रह हातातच ठेवावेत.

याहून चांगला मार्ग म्हणजे मांडलिक राज्यं. मूळ गेममध्येही ती आहेत, पण त्यांना खरा रंग 2022 च्या 'ओव्हरलॉर्ड' या वेगळ्या विकत घ्यायच्या विस्ताराने आणला. लांबचा, नीट बसत नसलेला भाग वेगळा काढून मांडलिक म्हणून सोडता येतो. करार करून त्याच्याकडून संसाधनं किंवा संशोधनाचा वाटा घ्यायचा, शिवाय तो प्रदेश तुमच्या आकारात मोजला जात नाही. खनिजं देणारा, संशोधन देणारा आणि सीमा राखणारा असे विशेष मांडलिकही करता येतात. सरदारांना सरंजाम देऊन मुलूख राखणाऱ्या इतिहासाच्या वाचकाला हे यंत्र लगेच कळेल, त्यातल्या धोक्यासकट. कर फार लावला किंवा मांडलिक फार झाले की निष्ठा खाली येते, आणि नाराज मांडलिक गुपचूप दुसऱ्या सत्तेशी संधान बांधतो. सुरुवातीचा कर कमी, निष्ठा वर गेली की एकेक कलम कडक. उलट केलं तर घरातच युद्ध.

गेमची सगळ्यात जुनी तक्रार म्हणजे उत्तरार्धातला मंदपणा. 2350 च्या पुढे एक महिना सरायला सुरुवातीच्या कितीतरी पट वेळ लागायचा, कारण लोकसंख्येतल्या प्रत्येक एककाचा हिशेब वेगळा व्हायचा. मे 2025 मधल्या 4.0 ने लोकांचे गट केले, आणि त्यामागचं एक मुख्य कारण हेच होतं. त्या आवृत्तीचा पहिला महिना मात्र चुकांनी भरलेला होता, दुरुस्त्या लागोपाठ आल्या. जुनी चालू बाजी नव्या आवृत्तीत उघडू नये, मोडतेच. स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानाच्या बीटा विभागातून 3.14 सारखी जुनी आवृत्ती निवडता येते, बाजी तिथेच संपवावी. बेताच्या लॅपटॉपवर 1000 ताऱ्यांची आकाशगंगा घेऊच नये. 400 तारे आणि राहण्यालायक ग्रहांचं प्रमाण निम्मं, एवढ्यानेही बराच फरक पडतो. झेनो-कॉम्पॅटिबिलिटी हा पर्याय सुरुवातीच्या सेटिंगमध्येच बंद करावा, तो मिश्र वंशांची इतकी पैदास करतो की प्रोसेसर रडतो.

उणिवा आणखीही आहेत. हेरगिरी पातळ आहे, जमिनीवरची लढाई म्हणजे दोन आकडे एकमेकांना खातात एवढंच. गेम मराठीत नाही, हिंदीतही नाही, आणि इंग्रजी मजकूर भरपूर आहे. तो वाचायचा कंटाळा असेल तर निम्मी मजा गेली, कारण विचित्र ग्रह, उत्खननं आणि मेलेल्या संस्कृतींच्या गोष्टी त्या मजकुरातच आहेत. आंद्रेआस वाल्डेटॉफ्टचं संगीत मात्र तासन् तास ऐकूनही कंटाळा आणत नाही.

खरेदीचं म्हणाल तर सगळे विस्तार एकदम घेणं म्हणजे पैशाची उधळण. मूळ गेम आणि 'युटोपिया' हा विस्तार एवढ्यावर शंभर तास सहज निघतात. दुसरा 'ओव्हरलॉर्ड', तोही सेलमध्ये. मित्रांबरोबर खेळत असाल तर ज्याने खेळ उभारला त्याचे विस्तार सगळ्यांना चालतात, तेव्हा टोळीतल्या एकानेच खर्च करावा. पहिल्या बाजीला एन्साइन ही अवघडपणाची पातळी पुरे, आयर्नमॅन (मागे जाऊन चूक सुधारू न देणारा प्रकार) बंद, आणि मध्य-काळ 2300, अंतकाळ 2400 हे मूळ वेळापत्रक तसंच राहू द्यावं. अंतकाळातलं संकट (सगळ्या आकाशगंगेवर येणारा बलाढ्य शत्रू) येईपर्यंत अलॉयची मिळकत महिन्याला काही शेकड्यांत हवी. तेव्हाही ती साठ-सत्तरवर अडकली असेल, तर ती बाजी सोडून नवी सुरू केलेली बरी.