संसदेच्या संकेतस्थळावरची प्रश्नोत्तरं : सेवा चांगली, पण वाचायची रीत माहीत हवी

सरकारचा आकडा हवा असला की लोक बातम्या धुंडाळतात, नाहीतर माहिती अधिकाराचा अर्ज टाकतात. अर्जाला १० रुपये आणि ३० दिवस, शिवाय 'माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही' असं उत्तर यायची धास्ती. त्याआधी संसद डॉट इन उघडा आणि लोकसभा, राज्यसभेच्या प्रश्नोत्तरांचं पान पाहा. तुम्हाला पडलेला प्रश्न कुठल्या तरी खासदाराने आधीच विचारलेला असण्याची शक्यता बरीच असते, आणि त्याचं उत्तर मंत्र्याच्या नावानिशी, तारखेसकट पीडीएफमध्ये मिळतं. लॉगिन नाही, पैसे नाहीत.

साठा किती मोठा आहे ते पाहा. लोकसभेत बैठकीच्या एका दिवशी २० तारांकित (मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात ते) आणि २३० अतारांकित (फक्त लेखी उत्तराचे) प्रश्न घेतले जातात, राज्यसभेत १५ आणि १६०. म्हणजे दिवसाला ४२५ पर्यंत उत्तरं. वीस बैठकांचं अधिवेशन धरलं तर साडेआठ हजार. सभागृह गोंधळात तहकूब झालं तरी अतारांकित प्रश्नांची लेखी उत्तरं पटलावर ठेवली जातात, आणि ज्यांचा पुकारा झाला नाही त्या तारांकित प्रश्नांचीही लेखी उत्तरंच नोंदीत जातात. 'आज संसदेत काहीच काम झालं नाही' असं टीव्ही सांगत असतो त्या दिवशीही दीड-दोनशे कोष्टकं निमूटपणे चढलेली असतात. वाचणारे फार थोडे, याचं वाईट वाटतं.

आता शोध कसा घ्यायचा. आधी सभागृह निवडा, मग अधिवेशन. इथेच पहिली ठेच लागते. लोकसभेची अधिवेशनं प्रत्येक नव्या लोकसभेबरोबर १ पासून मोजली जातात, राज्यसभेची मात्र सलग चालतात, कारण ती कधी बरखास्त होत नाही. २०२५ चं अर्थसंकल्पी अधिवेशन लोकसभेच्या खात्यात १८व्या लोकसभेचं चौथं आहे आणि राज्यसभेच्या खात्यात २६७वं. दोन्हीकडे एकच क्रमांक टाकून 'काही सापडत नाही' म्हणू नका. काही अधिवेशनांत प्रश्नोत्तराचा तासच नव्हता: १८व्या लोकसभेचं पहिलं अधिवेशन, किंवा सप्टेंबर २०२३ चं विशेष अधिवेशन, म्हणजे १७व्या लोकसभेचं १३वं. तिथे यादी रिकामी दिसली तर साइट बिघडलेली नाही. सप्टेंबर २०२० मध्ये कोविडमुळे हा तास रद्द झाला होता, तरी अतारांकित उत्तरं आली. ती मात्र जरूर पाहा.

मग खातं. नवख्या माणसाचा सगळ्यात जास्त वेळ इथे जातो, कारण आपल्या डोक्यातला विषय आणि दिल्लीतली कामाची वाटणी यांचा मेळ बसत नाही. कांद्याचं घ्या. निर्यातबंदी ८ डिसेंबर २०२३ ला लागू झाली, ४ मे २०२४ ला उठली, पण ४० टक्के शुल्क राहिलं. सप्टेंबर २०२४ मध्ये ते २० टक्क्यांवर आलं आणि १ एप्रिल २०२५ पासून गेलं. या काळातली कांद्याची उत्तरं एका मंत्रालयात मिळणार नाहीत. निर्यातीचं धोरण वाणिज्य मंत्रालयात, राखीव साठा आणि किरकोळ भाव ग्राहक व्यवहार विभागात, लागवड आणि उत्पादनाचे अंदाज कृषी मंत्रालयात, शुल्काची बाजू अर्थ मंत्रालयात. उसाचंही तसंच. एफआरपी, म्हणजे केंद्राने ठरवलेला उसाचा किमान दर, अन्न व सार्वजनिक वितरण विभाग पाहतो, सहकारी संस्थांचा कारभार जुलै २०२१ नंतर सहकार मंत्रालयाकडे गेला. म्हणून पहिल्या फेरीत खातं मोकळं ठेवा आणि विषयाच्या रकान्यात एकच शब्द टाका, रोमन लिपीत. लांब वाक्य टाकलं की शोध हमखास फसतो, कारण शीर्षकं तीन-चार शब्दांची असतात आणि ती सचिवालयाच्या भाषेत असतात.

नावं बदलल्याचाही फटका बसतो. शिक्षणाचे जुने प्रश्न मनुष्यबळ विकास मंत्रालयाच्या नावावर आहेत, कारण 'शिक्षण मंत्रालय' हे नाव २०२० मध्ये आलं. जलशक्ती मंत्रालय २०१९ चं. जिल्ह्यांच्या बाबतीत औरंगाबाद आणि छत्रपती संभाजीनगर, उस्मानाबाद आणि धाराशिव अशी दोन्ही नावं घालून पाहावीत.

प्रश्नाचा क्रमांक हाताशी असेल तर काम झटक्यात होतं. क्रमांक अधिवेशनभर सलग चालतात. लोकसभेत पहिल्या दिवशी अतारांकित १ ते २३०, दुसऱ्या दिवशी २३१ ते ४६०. म्हणजे ७०० क्रमांकाचा प्रश्न साधारण चौथ्या दिवसाचा. राष्ट्रपती राजवट असलेल्या राज्यासाठी जादा प्रश्न घेतले तर हा हिशेब थोडा सरकतो. फाइलच्या नावात 'एएस' असेल तर प्रश्न तारांकित, 'एयू' असेल तर अतारांकित.

इथवर यंत्राचा भाग झाला. खरी मेहनत उत्तर वाचण्यात आहे, आणि यात साइट काहीच मदत करत नाही.

उत्तर उघडलं की आधी प्रश्न वाचा, त्याचे भाग मोजा, मग प्रत्येक भागाचं उत्तर शोधा. मंत्रालयं बहुतेकदा '(क) ते (घ)' असं एकत्र बांधून दोन परिच्छेद देतात. त्यात (ग) ला उत्तर दिलंय की योजनेची माहिती देऊन तो भाग गाळलाय, हे पेन्सिलीने खूण केल्याशिवाय कळत नाही. पुष्कळदा खासदार विचारतो 'किती खर्च झाला' आणि उत्तर येतं 'किती मंजूर झाला'. तरतूद, मंजुरी, वितरण आणि प्रत्यक्ष खर्च हे चार वेगळे आकडे आहेत. कोष्टकाच्या डोक्यावर यांपैकी कोणता शब्द आहे ते पाहिल्याशिवाय आकडा उचलू नये.

शब्द किती बारकाईने वाचावे लागतात याचं उदाहरण २० जुलै २०२१ चं, राज्यसभेतलं. ऑक्सिजनअभावी झालेल्या मृत्यूंबद्दल प्रश्न होता. उत्तर आरोग्य राज्यमंत्री भारती पवार यांचं, म्हणजे आपल्या दिंडोरीच्या तेव्हाच्या खासदारांचं. त्याचा आशय असा : आरोग्य हा राज्याचा विषय आहे, मृत्यू कसे कळवायचे याच्या सूचना केंद्राने दिल्या आहेत, राज्यं त्याप्रमाणे नियमित कळवतात, मात्र ऑक्सिजनच्या कमतरतेमुळे मृत्यू झाल्याचं राज्यांनी आणि केंद्रशासित प्रदेशांनी विशेषकरून कळवलेलं नाही. बातम्यांत याचं 'एकही मृत्यू नाही' झालं. उत्तरात तसं म्हटलेलं नाही. उत्तर मृत्यूंबद्दल नाही, कळवण्याबद्दल आहे. त्यामुळे पुढचा प्रश्नही वेगळा व्हायला हवा होता : कळवण्याच्या नमुन्यात हे कारण लिहायला रकाना होता का? पुढचा प्रश्न कोणता, हे मूळ पीडीएफ वाचल्यावर सुचतं, मथळा वाचून सुचत नाही.

दुसरं उदाहरण रेल्वेचं, आपल्याकडे नेहमी लागणारं. महाराष्ट्रातल्या प्रकल्पांबद्दल कोणीही विचारलं की उत्तराची सुरुवात ठरलेली : रेल्वे प्रकल्प झोननिहाय (क्षेत्रीय रेल्वेनिहाय) मंजूर होतात, राज्यनिहाय नाही, कारण ते राज्यांच्या सीमा ओलांडतात. मग 'पूर्णतः किंवा अंशतः महाराष्ट्रात येणारे' प्रकल्प दिले जातात. यातला 'अंशतः' महत्त्वाचा. मध्य प्रदेशात अर्धी असलेली लाइन दोन्ही राज्यांच्या उत्तरांत येते, म्हणून राज्यांचे आकडे एकमेकांत मिळवले की बेरीज फुगते. पुढे तुलना येते : २००९-१४ मध्ये वर्षाला सरासरी १,१७१ कोटी रुपये, २०२५-२६ मध्ये २३,७७८ कोटी. दोन्ही आकडे त्या त्या वेळच्या रुपयांतले आहेत, महागाई वजा केलेली नाही, आणि दुसरा आकडा तरतुदीचा आहे. वाढ मोठी आहे हे खरंच, पण आपल्या तालुक्यातल्या लाइनचं काय हे त्यातून कळत नाही. त्यासाठी प्रकल्पाचं नाव घालून अतारांकित प्रश्न शोधा. किती किलोमीटर मार्ग सुरू झाला आणि किती खर्च झाला, हे तिथे सापडण्याची शक्यता जास्त.

काही ठरीव वाक्यं ओळखता आली पाहिजेत. 'निवेदन सभापटलावर ठेवले आहे' असं दिसलं तर पुढचं पान उलटा, उत्तर तिथे आहे. 'प्रश्न उद्भवत नाही' आलं की आधीच्या भागाचं उत्तर नकारार्थी आहे का ते तपासा, नसेल तर हे टाळणं झालं. 'अशी माहिती केंद्रीय पातळीवर ठेवली जात नाही' हे तर मोलाचं उत्तर. सप्टेंबर २०२० मध्ये टाळेबंदीत घरी परतताना मरण पावलेल्या स्थलांतरित मजुरांबद्दल कामगार मंत्रालयाने असंच सांगितलं होतं. सरकारकडे काय नाही, याचा तो लेखी पुरावा असतो.

'माहिती गोळा करण्यात येत असून सभापटलावर ठेवली जाईल' हे मात्र आश्वासन ठरतं. आश्वासन तीन महिन्यांत पूर्ण करायचं असतं, आणि त्यावर लक्ष ठेवायला दोन्ही सभागृहांच्या शासकीय आश्वासन समित्या आहेत. लोकसभेच्या समितीत १५ सदस्य असतात आणि मंत्री तिच्यावर घेतले जात नाहीत. या सेवेची माझी मोठी तक्रार इथेच आहे. मूळ प्रश्नाच्या पानावर नंतर आलेलं उत्तर जोडलेलं दिसत नाही. आश्वासनांची वेगळी व्यवस्था आहे, तिथे जाऊन पुन्हा शोधावं लागतं. ज्याला हे ठाऊक नाही तो 'माहिती गोळा होत आहे' इथेच थांबतो.

दुसरी उणीव पुरवणी, म्हणजे उत्तर ऐकून तिथल्या तिथे विचारलेल्या, प्रश्नांची. तारांकित प्रश्न विचारणाऱ्याला साधारण दोन पुरवणी प्रश्न मिळतात, मग इतरांना एकेक. मंत्र्याची खरी परीक्षा त्यात होते, कारण ती उत्तरं छापून आणता येत नाहीत. पण प्रश्नोत्तरांच्या पीडीएफमध्ये फक्त मूळ लेखी उत्तर असतं. पुरवणीसाठी त्या दिवसाचं कामकाजाचं इतिवृत्त उघडावं लागतं, किंवा संसद टीव्हीचं चित्रण : लोकसभेचा तास सकाळी ११ ला, राज्यसभेचा दुपारी १२ ला. तासाभरात वीसही तारांकित प्रश्न पुकारले जाणं दुर्मीळ, म्हणून पहिल्या पाच-सहा क्रमांकांचेच पुरवणी प्रश्न सापडतील असं धरून चाला.

आणि जे प्रश्न स्वीकारलेच गेले नाहीत ते या साठ्यात नाहीत. लोकसभेत सूचना किमान १५ दिवस आधी द्यावी लागते. एका दिवसासाठी एका सदस्याच्या पाचच सूचना विचारात घेतल्या जातात, तारांकित एकच लागू शकतो, आणि क्रम सोडतीने ठरतो. प्रश्न १५० शब्दांत बसला पाहिजे, मत विचारणारा नको, न्यायालयात चालू असलेल्या बाबीवर नको, आणि विषय मुख्यतः केंद्राच्या अखत्यारीतला हवा. यांतलं एक चुकलं की प्रश्न नाकारला जातो. म्हणून 'या विषयावर कोणी विचारलंच नाही' असा निष्कर्ष काढू नका.

भाषेचं काय? उत्तरं इंग्रजी आणि हिंदीत. मराठीसाठी महाराष्ट्र विधानमंडळाच्या संकेतस्थळावर जावं लागतं आणि तिथे सोय बरीच कमी आहे. दिवसवार याद्यांच्या लांबच लांब पीडीएफ, विषयावरून शोध नाही, आणि देवनागरी मजकुरात शोध घ्यायला गेलं तर तो बेभरवशाचा. मजकुराला मात्र तोड नाही. 'पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय' अशी सुरुवात, '(१) अमुक गावात अमुक झाले, हे खरे आहे काय', आणि शेवटी 'नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?' गावाचं नाव, रस्त्याचं नाव, महिना, रक्कम, सगळं प्रश्नातच असतं. त्यामुळे 'होय, हे खरे आहे' एवढ्या उत्तरानेही ती सगळी माहिती शासनाने मान्य केल्यासारखी होते. 'अंशतः खरे आहे' आलं तर कोणता अंश, हे शोधा. बहुतेकदा ते उत्तराच्या तिसऱ्या-चौथ्या ओळीत असतं. रस्ता, शाळा, दवाखाना, पोलीस ठाणं हे विषय संसदेत विचारले तर 'राज्याचा विषय' म्हणून परत येतील, त्यांची जागा ही. गोव्याच्या वाचकांनी त्यांच्या विधानसभेतल्या प्रश्नांची (एलएक्यू) उत्तरं पाहावीत, जोडलेल्या परिशिष्टांत पुष्कळ माल असतो.

उत्तर उद्धृत करताना सभागृह, प्रश्न तारांकित की अतारांकित, क्रमांक आणि उत्तराची तारीख या चार गोष्टी लिहा. अतारांकितचे क्रमांक वेगळे आणि तारांकितचे वेगळे चालतात, त्यामुळे नुसतं 'प्रश्न क्र. १५' लिहिलं तर एकाच अधिवेशनात दोन निघतील. पीडीएफ स्वतःकडे उतरवून ठेवा, कारण दुवे बदलतात. संकेतस्थळाची रचना बदलली तेव्हा जुन्या लेखांतले दुवे मेले होते. दशकांपूर्वीची कार्यवाही हवी असेल तर ती संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात मिळते. १९५७ मध्ये आयुर्विमा महामंडळाने उद्योगपती हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांत गुंतवलेल्या सुमारे १.२४ कोटी रुपयांवरून काँग्रेसचेच खासदार फिरोज गांधींनी सरकारला कसं धारेवर धरलं, ते तिथे मुळातून वाचता येतं. त्या प्रकरणाची चौकशी मुंबईचे मुख्य न्यायाधीश छागला यांच्याकडे गेली आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री कृष्णमाचारींनी राजीनामा दिला. तिथल्या फाइली स्कॅन केलेल्या आणि जड आहेत. मोबाइलवर उघडायच्या भानगडीत पडू नका, संगणकावर उतरवून घ्या.