दहा महिने, दोन कॅमेरे आणि शिवडीचा चिखल

गेल्या नोव्हेंबरात मुंबईत फोर्टातल्या बोरा बाजारात कॅमेरा बघायला गेले होते, तर दुकानदाराने दारात उभं राहून झूम पूर्ण ताणला आणि गल्लीच्या पार टोकाच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर वाळत घातलेल्या टॉवेलवरचं लेबल मला स्क्रीनवर वाचून दाखवलं. झालं, तिथेच माझी विकेट पडली. मला हवा होता पक्ष्यांसाठी कॅमेरा, त्यातही रोहित, म्हणजे आपले फ्लेमिंगो, आणि शिवडीच्या खाडीकिनारी चिखलात ते किती लांब उभे असतात ते जाऊन आलेल्यांना माहितीये. ज्याला टॉवेलचं लेबल वाचता येतं त्याला फ्लेमिंगो म्हणजे काय, असा माझा हिशोब.

तर तो सुपरझूम घेतला. ५० पट झूम, म्हणजे २४ ते १२०० मिमी (आकडा जेवढा मोठा तेवढं लांबचं जवळ दिसतं), वजन साधारण साडेसहाशे ग्रॅम, लेन्स बदलायची भानगड नाही. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, नाव घेतलं की लोक मुद्दा सोडून कंपनीवरून भांडत बसतात. आणि मग फेब्रुवारीत पुण्याहून धाकटा दीर आला तो त्याचा जुना डीएसएलआर, म्हणजे आतल्या आरशातून बघायचा, लेन्स बदलता येणारा कॅमेरा, घेऊनच, सोबत १८-५५ आणि ७०-३०० मिमी अशा दोन लेन्स. म्हणाला, "वहिनी, कपाटात नुसता पडून आहे, तूच वापर." फुकट मिळालेला कॅमेरा कोण सोडतं. त्यामुळे आता ही तुलना, एक दहा महिने वापरलेला आणि दुसरा सात.

आधी वजनाचं बोलते, कारण सगळे सांगतात की डीएसएलआर म्हणजे ओझं आणि सुपरझूम म्हणजे कॉम्पॅक्ट. माझ्या बाबतीत थोडंफार खरं आहे, पण सरसकट नाही हं. दुकानात मी निकॉनचा पी९५० पण हातात घेऊन बघितला होता, तो ८३ पटवाला, २००० मिमीपर्यंत जाणारा, तो एकटाच एक किलोचा आहे. आणि त्याच कंपनीचा डी५६०० हा डीएसएलआर त्यांची हलकी ७०-३०० लेन्स लावून नऊशे ग्रॅमच्या आतच बसतो. म्हणजे तुम्ही मोठ्या झूमच्या मागे लागलात तर कॉम्पॅक्टपणा तिथेच संपला. खरा फरक पडतो तो दुसरी लेन्स, ती बदलायला लागणारी जागा आणि एकूण बॅग यांचा. मुलुंडहून कुर्ला, कुर्ल्याला गाडी बदलून हार्बर लाइनने शिवडी, या प्रवासात सुपरझूम माझ्या रोजच्या ऑफिसच्या पर्समध्ये डब्याच्या जागी बसतो. डीएसएलआरला वेगळी बॅग लागते, आणि लेडीजच्या डब्यात रविवारीही ती बॅग बघून कोणीतरी विचारतंच, "शूटिंग आहे का कुठे?"

आता मुख्य गोष्ट, शिवडी.

पहिले दोन रविवार मी झूमच्या भरवशावर गेले आणि हात हलवत परत आले. पहिल्यांदा पूर्ण ओहोटी होती, पक्षी पार लांब गुलाबी रेघेसारखे, १२०० मिमी ताणूनही हातात काय आलं तर गुलाबी ठिपके, फक्त जरा मोठे. नंतर कळलं की झूमच्या आधी भरतीचं टाइमटेबल बघायचं असतं. भरतीच्या आधीचे किंवा नंतरचे दोन-तीन तास गाठायचे, तेव्हा पाणी त्यांना चिखलावरून आपल्याकडे ढकलत आणतं. आणि भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, म्हणजे आठवड्यात जवळजवळ सहा तास. म्हणून एका रविवारी सकाळी नऊला भरती असेल तर पुढच्या रविवारी त्याच वेळेला ओहोटी, आणि त्याच्या पुढच्या रविवारी परत जमतं. माझ्यासारख्या फक्त रविवार मोकळा असणाऱ्या माणसाला एकाआड एक रविवारच मिळतो, त्यातही मेगाब्लॉक सुरू व्हायच्या आत हार्बरवरून परत यायचं. हे सगळं कॅमेऱ्याच्या डब्यावर लिहिलेलं नसतं.

मार्चमध्ये एकदा दोन्ही कॅमेरे घेऊन गेले, मुद्दामच. अटल सेतू जिथून सुरू होतो त्याच बाजूची ती जेट्टी, सकाळी साडेसात, भरती चढत होती, पक्षी बऱ्यापैकी जवळ. डीएसएलआरवर ७०-३०० लावली, त्याचा सेन्सर, म्हणजे फोटो टिपणारी चिप, जुन्या फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान असल्यामुळे ती ४५० मिमीसारखी वागते, बाकीचं घरी क्रॉप करून. सुपरझूम १२०० वर. घरी येऊन लॅपटॉपवर शेजारी शेजारी लावले तर, खरं सांगते, साडेसातचे सुपरझूमचे फोटो पक्षी ओळखण्यासाठी सरळ सरळ वरचढ. चोच स्वच्छ दिसत होती, म्हणजे पूर्ण गडद चोचीचा छोटा रोहित कुठला आणि फिकट गुलाबी चोचीला फक्त काळं टोक असलेला मोठा रोहित कुठला ते लगेच कळत होतं. पायात नंबराची कडी घातलेला एखादा पक्षी असेल आणि तुम्हाला ती वाचायची असेल तर लांब झूमला पर्याय नाही.

पण सव्वादहाचे फोटो बघितले आणि मला माझ्याच पैशांची दया आली. सगळे मऊ. सुपरझूमचे मऊ, डीएसएलआरचे पण मऊ. आधी वाटलं माझा हात हलला, मग वाटलं कॅमेऱ्याचा फोकस बिघडला, असे तीन-चार रविवार मी कॅमेऱ्याला शिव्या देण्यात घालवले, ट्रायपॉडवर लावून बघितलं तरी तेच. मग एकदा व्ह्यूफाइंडरमधून नीट बघत राहिले तर पक्ष्यांचे पाय चक्क लवलवत होते, डांबरी रस्त्यावर दुपारी झळा दिसतात ना अगदी तसे. ओला काळा चिखल ऊन लागलं की तापतो, त्यावरची हवा हलायला लागते, आणि पक्षी जेवढा लांब तेवढी ती हलणारी हवा मध्ये जास्त. यात कॅमेरा काहीही करू शकत नाही, १२५ पट झूमवाला पी१००० आणला, पार ३००० मिमीचा, तरी तो त्याच झळा मोठ्या करून दाखवणार. थंडीत डिसेंबर-जानेवारीत झळा कमी, पण मग धुरकं असतं, तेही तसंच, सगळ्यावर ताकाचा पातळ थर दिल्यासारखं.

म्हणून माझं मत दुकानदाराच्या बरोब्बर उलट झालंय. मुंबईत सातशे-आठशे मिमीच्या पुढचा झूम हा वर्षातल्या मोजक्या सकाळी, नऊच्या आतच उपयोगाचा. उरलेल्या वेळी तो विकत घेतलेला आकडा. टॉवेल जवळ होता हो, आणि तेव्हा संध्याकाळ होती.

याचा अर्थ सुपरझूम वाईट का, तर अजिबात नाही. ऐरोलीच्या किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्रातून फ्लेमिंगो बघायला बोट जाते, ठाणे खाडीचा हा पट्टा २०१५ पासून अभयारण्य आहे आणि २०२२ मध्ये पाणथळ जागांच्या रामसर यादीत पण गेला. त्या बोटीत लेन्स बदलायची कल्पना पण करू नका, वारा, पाण्याचे तुषार, शेजारच्या काकांचं कोपर. तिथे सुपरझूमवर एका क्षणी अख्खा थवा आणि दुसऱ्या क्षणी एकच मान असं करता आलं, डीएसएलआरवर ७०-३०० असल्यामुळे थवा फ्रेममध्ये मावेचना. शटरचा वेग मात्र १/१००० सेकंदाच्या खाली येऊ द्यायचा नाही, आपण हलत असतो.

आणि चंद्र! आमच्या सासूबाईंना सुपरझूम आवडतो तो फक्त चंद्रासाठी. १२०० ला चंद्र फ्रेमच्या जवळपास निम्म्या उंचीचा येतो, डीएसएलआरच्या ४५० ला सहाव्या हिश्श्याचा. ऑटोवर काढलात तर पांढरी पुरी येईल, कारण कॅमेरा काळं आकाश बघून एक्स्पोजर वाढवतो, त्यामुळे मॅन्युअलला आयएसओ (सेन्सर उजेडाला किती संवेदनशील ते) १००, शटर १/२५० च्या आसपास ठेवायचं. पौर्णिमेपेक्षा अष्टमीच्या सुमाराचा चंद्र जास्त छान येतो, प्रकाश तिरका पडतो आणि खड्ड्यांच्या सावल्या दिसतात. हा फोटो मी गच्चीतून हातात धरून काढलाय, हात हलला तरी सावरून घेणाऱ्या स्टॅबिलायझेशनला शंभर पैकी शंभर.

उडणारे पक्षी मात्र विसरा. एवढ्या झूमला दृश्य इतकं अरुंद होतं की हात लांब करून दोन करंगळ्या शेजारी धरा, जवळपास तेवढंच आकाश दिसतं, त्यात घार शोधायची म्हणजे गवताच्या गंजीत सुई. मी आधी बाहेर झूम करते, पक्षी मध्ये घेते, मग आत जाते, पण मोटरचा झूम त्याच्या वेगाने जातो आणि इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडर सलग फोटो काढताना अडखळतो, तोपर्यंत घार भांडुपला. डीएसएलआरची रिंग मनगटाने फिरवली की काम झालं, आरशातून दिसतं ते प्रत्यक्षच. भांडुपच्या खाजणात ब्राह्मणी घारीचा पाण्यावर झेपावतानाचा जो एकमेव धड फोटो माझ्याकडे आहे तो डीएसएलआरचा.

उजेड कमी झाला की तर तुलनाच नाही. सुपरझूमचा सेन्सर साधारण सहा बाय साडेचार मिलिमीटर, म्हणजे माझी रोजची टिकली. डीएसएलआरचा साडेतेवीस बाय साडेपंधरा, छोट्या पोस्टाच्या तिकिटाएवढा. क्षेत्रफळ तेरापट. वर सुपरझूमचं अ‍ॅपर्चर टोकाला एफ ६.३, आणि हा आकडा जेवढा मोठा तेवढा उजेड आत कमी येतो. बोरिवलीच्या नॅशनल पार्कात सकाळी झाडाखाली दयाळ बसलेला, अगदी समोर, आणि कॅमेऱ्याने आयएसओ १६०० केला, घरी बघते तर पिसं गायब, सगळं शेणाने सारवल्यासारखं गुळगुळीत. डीएसएलआरवर १६०० म्हणजे काहीच नाही, ३२०० पर्यंत मी बिनधास्त जाते.

ऑगस्टमध्ये नणंदेच्या मुलीचं बारसं होतं, हॉलमध्ये पिवळे दिवे. त्याच्या आधी मी बोरा बाजारातूनच एक सेकंडहँड ३५ मिमी एफ १.८ घेतली डीएसएलआरसाठी. (डीएसएलआर घेणाऱ्यांना हा एक फायदा सध्या खरंच आहे, कंपन्यांचा सगळा जोर मिररलेसवर, म्हणजे आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांवर, गेल्यामुळे जुन्या लेन्स बऱ्या भावात मिळतात.) तर त्या लेन्सवर पाळण्यातल्या बाळाचे, आजीच्या हातांचे जे फोटो आलेत ते सुपरझूमवर सात जन्मात आले नसते. गणपतीत बिल्डिंगच्या मंडळात आरतीचे पण तेच, फ्लॅश नाही, फक्त निरांजनं. बॅटरीचं पण सांगते, सुपरझूमची तीनशे फोटोंतच मान टाकते, डीएसएलआर अख्खा दिवस जातो.

मजा म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवर कोणालाच फरक कळत नाही. ते फोटो दाबून छोटे करतं, मोबाइलच्या स्क्रीनवर ज्यात पक्षी मोठा तो फोटो भारी. फॅमिली ग्रुपवर सगळे बदाम सुपरझूमला. फरक कळला तो बारा बाय अठराची प्रिंट काढल्यावर, आणि तीही बघून सासूबाई म्हणाल्या, "बगळा छान आलाय."

एक मुंबईचं दुखणं राहिलंच, बुरशी. दिराने दिलेल्या ७०-३०० मध्ये उजेडाकडे धरून बघितलं तर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे, कपाटात बॅगेतच वर्षानुवर्षं पडलेली. साफ करून घेतली, त्यात मारुतीच्या शेपटीसारखा वेळ गेला, एका ठिकाणी तीन आठवडे नुसतं "उद्या देतो", शेवटी दुसऱ्याने चार दिवसांत दिली आणि वर दम भरला, "मॅडम, बॅगेत ठेवू नका, फोम ओल धरतो." तेव्हापासून दोन्ही कॅमेरे धान्याच्या मोठ्या एअरटाइट डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या टाकून, निळ्याच्या गुलाबी झाल्या की कढईत मंद गरम करून परत निळ्या (ती कढई वेगळी ठेवलीये, स्वयंपाकाची नाही). सुपरझूमला इथे जास्त जपावं लागतं. त्याची नळी आतबाहेर होताना हवा, धूळ, दमटपणा सगळं आत ओढते आणि लेन्स काढून पुसता येत नाही. माझ्याच्यात आत एक धुळीचा कण आहे, फोटोत दिसत नाही पण मला माहितीये की तो आहे.

सध्याची वाटणी अशी: शिवडी, ऐरोली, चंद्र, ट्रिप, म्हणजे जिथे चालायचंय तिथे सुपरझूम, माणसं, दिवे, घार, तिथे डीएसएलआर. एकच घ्यायचा असेल आणि पक्षी हाच नाद असेल तर मी आजही सुपरझूमच घेईन, पण ५० पटवालाच, ८३ किंवा १२५ नाही. घरात लहान मूल असेल तर विचार न करता जुना डीएसएलआर आणि एक एफ १.८ लेन्स.

बारशाचे फोटो बघून परवा दिराचा फोन आला होता. "वहिनी, अगं काय भारी आलेत, माझ्या कॅमेऱ्यात एवढं होतं मला माहितीच नव्हतं. दिवाळीला येतोय, तेव्हा परत घेऊन जाऊ का?" म्हटलं घेऊन जा की, तुझाच आहे. ३५ मिमी मात्र माझी, ती काढून ठेवलीये.