औषध पास, कडी नापास : प्रवासी मच्छरदाणी, पावसाळाभराच्या वापरानंतर

सुरुवातीला या मच्छरदाणीला चार तारे दिले होते, आता दोन. जाळी शाबूत आहे, तिला लावलेल्या डासनाशक औषधाबद्दलही तक्रार नाही. पण टांगायची कडी शिवणीसकट उखडून हातात आली. विक्रेत्याचं म्हणणं असं, की हमी जाळीवर आणि औषधावर आहे, कडी 'अ‍ॅक्सेसरी'त मोडते. दीड हजारावर पैसे मोजून घेतलेली मच्छरदाणी कडीशिवाय कशी लावायची, ते मात्र सांगितलं नाही.

मॉडेल सगळ्यांच्या ओळखीचं : गोल, एका कडीवर लटकणारं, डेल्टामेथ्रिनचं औषध असलेल्या पॉलिएस्टर जाळीचं. नागपूरहून भामरागड, बस्तर, बालाघाट, मेळघाट या जंगलपट्ट्यात मुक्कामाला जाणारे बरेच जण हेच घेतात, कारण गुंडाळलं की पिशवीच्या कोपऱ्यात मावतं.

दुखणं शिवणीत आहे. सगळा भार एका बिंदूवर, आणि तिथे जाळी थेट प्लॅस्टिकच्या रिंगला शिवलेली. मध्ये निवारीची पट्टी नाही. झोपताना कडा गादीखाली खोचल्या की प्रत्येक ओढ वर कडीपर्यंत जाते. शिवण उसवली की जाळी खाली येऊन गुडघ्याला, कोपराला टेकते, आणि जिथे टेकते तिथे डास बाहेर बसून जाळीतूनच चावतो. औषधाने तो नंतर मेला, तरी चावून झालेलं असतं. दोन रुपये वाचवायला दिलेली ती रिंग म्हणूनच एवढी डोक्यात जाते.

त्यात विश्रामगृहाच्या खोलीत छताला हूक असतो एकच, आणि त्याला पंखा लटकलेला. मग कडी खिडकीच्या गजाला बांधायची. जाळी तिरपी होते आणि पायाकडची बाजू अंगावर येते. यावर उपाय म्हणजे ३ मिमी जाडीची दहा मीटर नायलॉन दोरी. खिडकीच्या वरच्या गजापासून दाराच्या वरच्या बिजागरीपर्यंत ती ताणून बांधायची आणि कडी बरोबर पलंगाच्या मध्यावर अडकवायची. उसवलेली कडी मोची नीट करून देतो : इंचभर रुंद निवारीचे दोन तुकडे आडवे-उभे, मध्ये लोखंडी रिंग, नायलॉनच्या दोऱ्याची दुहेरी शिवण. कंपनीने हेच केलं असतं तर हे लिहायची वेळच आली नसती.

नव्याने घेणाऱ्यांनी चौकोनी घ्यावी. चार कोपऱ्यांना चार दोऱ्या बांधायची कटकट आहे खरी, पण भार वाटला जातो, आणि एक दोरी सुटली तरी बाकी तीन धरून ठेवतात. १८० × १६० × १५० सेंमीची, १०० डेनिअर (सुताच्या जाडीचं माप) सुताची जाळी साधारण अर्धा किलो भरते. ७५ डेनिअरची हलकी असते, पण खिळ्याला, बाजेच्या फळीला अडकून लवकर फाटते.

औषधाबद्दल मत बदललं, तेही नोंदवतो. औषधाच्या नावाखाली जास्तीचे पैसे उकळतात, असं आधी वाटत होतं. वासाचीही तक्रार होती. पण वास आणि चेहऱ्याची चुणचुण नव्या जाळीत असतेच. वापरण्याआधी दिवसभर सावलीत टांगून ठेवली की जाते. खरा फायदा नंतर कळतो : जाळीला बारीकसं भोक पडलं तरी डास आत शिरण्याआधी औषधाला लागतो. साध्या जाळीत त्याच भोकातून सरळ आत. तरी औषधावर सगळी भिस्त नको. आपल्याकडच्या ग्रामीण भागातला मलेरियाचा मुख्य वाहक, अ‍ॅनोफिलिस क्युलिसिफेसिस, बऱ्याच ठिकाणी डेल्टामेथ्रिनच्या गटातल्या औषधांना दाद देत नाही. पीबीओ हे औषधाचा जोर वाढवणारं रसायन मिसळलेल्या जाळ्या त्यासाठीच निघाल्या आहेत.

औषध लवकर घालवायचं असेल तर सोपं आहे : कामवालीकडे द्या, ती सोड्याच्या पावडरीत भिजवेल आणि गच्चीवर नागपूरच्या उन्हात वाळत घालेल. क्षाराने आणि उन्हाने डेल्टामेथ्रिन नासतं. टिकवायचं असेल तर गार पाणी, अंगाचा सौम्य साबण, हाताने हलकं चोळणं, सावलीत वाळवणं. ब्लीच अजिबात नाही. या जाळ्यांची कसोटी २० धुण्यांची आणि साधारण तीन वर्षांच्या वापराची असते. दर महिन्याला धुवायचा उत्साह असेल तर हिशोब आपला आपण करावा. धुतलेलं पाणी नदीत, तलावात जाऊ देऊ नका, माशांना ते विष आहे.

छिद्रं मोजून घ्या. चौरस इंचात १५६, म्हणजे एका बाजूला १२ आणि दुसऱ्या बाजूला १३, एवढी पुरतात. त्याहून बारीक विणीची 'प्रीमियम' म्हणून गळ्यात मारतात. मलेरियाच्या डासासाठी तिची गरज नाही. रात्री वीज गेली की आत भट्टी होते, आणि माणूस वैतागून जाळीच वर करतो.

संध्याकाळपासून झोपेपर्यंतच्या वेळेत मच्छरदाणी काही कामाची नाही. तेव्हा पूर्ण बाह्या, मोजे आणि घोट्यांना डीट (डास दूर ठेवणारं रसायन) असलेलं मलम. हे मलम प्लॅस्टिकच्या चष्म्याची फ्रेम आणि घड्याळाचा पट्टा खराब करतं, हात पुसून घ्या.

मलेरिया टाळायच्या गोळ्यांचं डॉक्टरला विचारूनच. सहा आठवड्यांच्या आतल्या मुक्कामासाठी आपल्याकडच्या सरकारी मार्गदर्शक सूचनांत डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम रोज आहे : निघण्याच्या दोन दिवस आधीपासून परतल्यावर चार आठवड्यांपर्यंत. गरोदर बायका आणि आठ वर्षांखालची मुलं यांना ती चालत नाही. गोळी भरपूर पाण्याबरोबर घ्यावी आणि लगेच आडवं होऊ नये, नाहीतर अन्ननलिका भाजते. परत आलो की संपलं, असं समजून लोक घरी पोचताच गोळ्या बंद करतात. पण ते चार आठवडे यकृतातून रक्तात उशिरा उतरणाऱ्या जंतूंसाठीच असतात.

एवढं करूनही परतल्यावर ताप आलाच, तर त्याच दिवशी रक्त तपासा. फाल्सिपेरम हा मलेरियाचा एक प्रकार बहुधा डास चावल्यानंतर आठवड्याभराने पुढे दिसतो. व्हायव्हॅक्स हा दुसरा प्रकार यकृतात दडून कित्येक महिन्यांनीही उठतो. नागपुरात पावसाळ्यात ताप म्हटलं की आधी डेंग्यूच डोक्यात येतो, म्हणून कुठल्या गावात मुक्काम केला ते डॉक्टरला आपण होऊन सांगा, आणि डेंग्यूबरोबर मलेरियाची रॅपिड टेस्ट आणि काचेवरचा रक्तनमुना दोन्ही मागून घ्या.