दोन टीबीची डिस्क, आत ६४ जीबीचं कार्ड

मामांची प्रिंटिंग प्रेस आहे, लग्नपत्रिका, बिलबुकं, निवडणूक आली की पत्रकं. तिथला डीटीपीचा (छापायची पानं जुळवायचा) कॉम्प्युटर अजून विंडोज एक्सपीवर चालतो. हसू नका, पानं जुळवायचं पेजमेकर आणि मराठी टायपिंगची जुनी श्रीलिपी त्याच्यावरच आहे, सॉफ्टवेअर चालू व्हायला मागे लावावं लागणारं डोंगलही त्यालाच चालतं, आणि जुन्या फाइली दुसरीकडे उघडल्या की जोडाक्षरांची पार वाट लागते. एक्सपीचा सपोर्ट २०१४ मध्येच संपलाय म्हणून नेट त्याला लावतच नाहीत. पण आतली हार्डडिस्क आवाज करायला लागली, मग बॅकअपसाठी बाहेरून लावायची डिस्क घ्यायचं ठरलं.

दुकानदाराने १,९०० रुपयांत २ टीबीची (साधारण दोन हजार जीबीची) एसएसडी, म्हणजे आत काही न फिरणारी वेगवान डिस्क दिली, स्कीममध्ये आहे म्हणून. पक्कं बिल पाहिजे तर जीएसटी वेगळा, म्हणून हातात कच्ची पावती. डिस्क लावली तर एक्सपी म्हणतं फॉरमॅट नाहीये, करायची का? मग दुकानातलाच पोरगा येऊन एनटीएफएसमध्ये (विंडोजच्या फाइली साठवायच्या पद्धतीत) फॉरमॅट करून गेला, त्याचे ३०० वेगळे. माय कॉम्प्युटरमध्ये दोन टीबीच्या आसपास आकडा दिसला, मामा खूश.

सगळा डेटा कॉपी झाला, कुठे एरर नाही काही नाही. नंतर सहज उघडून बघितलं तर सुरुवातीचे फोल्डर व्यवस्थित, पण पुढच्या फोल्डरांमध्ये नावं जागेवर, साइझ बरोबर, तारीख बरोबर आणि फाइल काही उघडत नाही, कोरलड्रॉच्या पण नाही आणि पेजमेकरच्या पण नाही.

दुकानात गेलो तर तो म्हणाला, "काका, तुमचा पीसी म्हातारा झालाय, एक्सपीला दोन टीबी झेपत नाही. आमच्याकडे सेकंडहँड आय फाइव्ह पीसी आहे, तो घेऊन जा, आणि जुनी डिस्क द्या, फॉरमॅट करून त्यात बसवून देतो." म्हणजे जिच्यात एकुलता एक धड डेटा होता तीच फॉरमॅट करायला मागत होता! मामा जवळजवळ तयारच झाले होते.

आणि हे खरं वाटतं कारण यात थोडं खरं असतंच. नवीन डिस्का बऱ्याचदा एक्सफॅट नावाच्या फॉरमॅटमध्ये येतात, ते एक्सपीला आपोआप वाचता येत नाही, त्यासाठी मायक्रोसॉफ्टने २००९ मध्ये वेगळं अपडेट काढलं होतं. फॅट३२ या जुन्या फॉरमॅटमध्ये केलं तर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही. पण २ टीबी झेपत नाही ही शुद्ध थाप, एक्सपीची डिस्कचे भाग पाडायची जुनी एमबीआर पद्धत साधारण २.२ टीबीपर्यंत चालते. आणि खरीखुरी २ टीबी डिस्क विंडोजमध्ये १.८१ दाखवते, पूर्ण २ नाही, हेही बघून ठेवा.

खरी भानगड अशी की या डिस्कच्या आतला कंट्रोलर, म्हणजे डिस्क चालवणारी चिप, खोटा आकडा सांगतो. खरी जागा भरली की तो पुढचा डेटा सरळ टाकून देतो किंवा जुन्यावरच लिहितो, आणि कॉम्प्युटरला मात्र 'झालं' म्हणून सांगतो. फाइलींची यादी सुरुवातीच्या भागात असते म्हणून नावं शाबूत दिसतात, आत काहीच नसतं.

हे पकडायला एच२टेस्टडब्ल्यू नावाचं फुकटचं छोटं सॉफ्टवेअर आहे, एक्सपीवर पण चालतं. ते १ जीबीच्या फाइली भरत जातं आणि मग त्याच परत वाचून ताडून बघतं. आधीच अख्ख्या २ टीबीची टेस्ट करत बसू नका, जुन्या यूएसबी २ वर चांगली डिस्क असली तरी सेकंदाला ३० एमबीच्या आसपासच मिळतात, फार वेळ जातो. मी फक्त १०० जीबीचा आकडा टाकला, रात्री लावून झोपलो. सकाळी ५९ जीबी ओके आणि बाकी 'डेटा लॉस्ट'. तीच डिस्क माझ्या विंडोज १० च्या लॅपटॉपला लावली, तिथेही डिट्टो, म्हणजे म्हाताऱ्या पीसीचा विषयच मिटला.

मग डिस्कची केस उघडली. आत नखाएवढं ६४ जीबीचं मेमरी कार्ड, कार्ड रीडरच्या बोर्डात बसवून ग्लू गनने चिकटवलेलं, आणि हाताला वजन लागावं म्हणून बाजूला लोखंडी पट्टी!! १,९०० मध्ये खरी २ टीबीची एसएसडी येऊच शकत नाही, साधी फिरणारी हार्डडिस्कसुद्धा त्या भावात येत नाही.

कच्ची पावती असली तरी पैसे यूपीआयने गेले होते, तो स्क्रीनशॉट, टेस्टचा स्क्रीनशॉट आणि उघडलेल्या केसचा फोटो असं सगळं समोर ठेवलं आणि सांगितलं की १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार टाकतो, तिथे नाही भागलं तर ग्राहक आयोगात जातो, पाच लाखांपर्यंतच्या मालाला तिथे फी पण लागत नाही. त्यावर "माल वरूनच असा येतो" वगैरे सुरू झालं, पण १,९०० परत दिले. फॉरमॅटचे ३०० काही दिले नाहीत.

डिस्क मात्र दुकानदाराने आठवणीने परत मागून घेतली, केसचे स्क्रू नीट लावलेत का तेही फिरवून बघितलं, म्हणजे पुढचं गिऱ्हाईक डोळ्यासमोर होतंच. मामांनी म्हणूनच देण्याआधी तिच्यावर परमनंट मार्करने मोठ्ठं '६४ जीबी' लिहून ठेवलं होतं.