गल्लीतल्या भिंतचित्रासाठी एक्स्टिरिअर इमल्शन आणि स्टेनर: घ्यावं का?

गल्लीतल्यांनी मिळून भिंत रंगवायची ठरली की रंगाच्या दुकानात बहुतेक वेळा एकच जोडी हाती पडते: पांढरा एक्स्टिरिअर ॲक्रिलिक इमल्शन, म्हणजे बाहेरच्या भिंतीचा पाण्यात मिसळणारा रंग, आणि त्याला छटा देणाऱ्या युनिव्हर्सल स्टेनरच्या छोट्या बाटल्या. जोडी चांगली आहे. ब्रश नळाखाली धुता येतात, वास कमी येतो, मुलांच्या हाताला लागलेला ओला रंग साबणाने निघतो. डिस्टेंपर स्वस्त पडतो, पण बाहेरच्या भिंतीवर पावसात टिकत नाही. ऑइलपेंट सिमेंटच्या क्षारांमुळे पोपडे धरतो.

गडबड होते ती स्टेनरमध्ये. पांढऱ्या इमल्शनमध्ये टायटॅनियम डायऑक्साइड हे पांढरं रंगद्रव्य भरपूर असतं, त्यामुळे लाल स्टेनर कितीही ओता, गुलाबीच मिळतो. मग कुणीतरी अख्खी बाटली रिकामी करतं. स्टेनरमध्ये भिंतीला धरून ठेवणारं बाइंडर नसतं. तो जास्त झाला की रंग नीट वाळत नाही, बोट फिरवलं तर बोटाला येतो आणि पहिल्या सरीत खाली ओघळतो. लिटरमागे ३०-४० मिलीच्या पुढे जाऊ नये. गडद लाल, निळा, काळा दुकानातल्या रंग मिसळणाऱ्या टिंटिंग मशीनवर डीप बेसमध्येच (गडद छटांसाठीचा, पांढरं कमी असलेला मूळ रंग) करून घ्यावा. महाग पडतो, पण हे रंग लागतात थोडेच. फिकट छटांसाठी मात्र स्टेनर उत्तम.

३० फूट बाय १० फूट, म्हणजे ३०० चौरस फुटांची भिंत धरा. गुळगुळीत प्लास्टरवर दोन हातांसाठी (थरांसाठी) साधारण ६ लिटर रंग पुरतो, खरबरीत असेल तर ८. शिवाय ३-४ लिटर एक्स्टिरिअर प्रायमर. प्रायमर वाचवण्यात अर्थ नाही: कोरडं प्लास्टर रंगातलं पाणी शोषून घेतं आणि पहिला हात डागाळतो.

त्याआधी तारेच्या ब्रशने जुने पोपडे आणि शेवाळ काढायचं, भिंत धुऊन पूर्ण वाळू द्यायची. तळहात घासून पाहा. पांढरी भुकटी लागली तर जुना रंग सुटतोय, त्यावर नवा धरणार नाही. जमिनीलगतच्या फूटभर पट्ट्यात ओल चढून मीठ फुटलं असेल तर तिथे चित्र नकोच, साधा गडद पट्टा ठेवा. तो दरवर्षी पुन्हा मारता येतो. नवं प्लास्टर २८ दिवस सोडायचं. आपल्याकडे दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंतचे दिवस सर्वांत चांगले. तापलेल्या भिंतीवर रंग ब्रशखालीच सुकतो आणि जोडाच्या रेघा दिसतात.

अनेक हात लागणार असतील तर मोठे सपाट आकार निवडा. घाटकोपरजवळच्या असल्फाच्या टेकडीवरची रंगीत घरं मेट्रोतूनही नजरेत भरतात ती अशा मोठ्या आकारांमुळेच. सूतदोरीने एक-एक फुटाचे चौकोन पाडा, चित्र खडूने उतरवा आणि प्रत्येक आकारात रंगाचा क्रमांक लिहा. तोच क्रमांक डब्यावर. मुलांना चार फुटांखालचा भाग, परांचीवर सवयीचा माणूसच. रंगाच्या दोन थरांमध्ये चार ते सहा तास जाऊ द्यायचे, आणि कडेच्या काळ्या रेघा शेवटी एकाच स्थिर हाताने. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात लोक पातळ कापडाच्या चौकोनांवर आकार रंगवतात आणि ते नंतर भिंतीला चिकटवतात. वर चढू न शकणाऱ्यांना चित्रात घेण्याची ती फार सुंदर सोय आहे.

रंग निवडताना भिंतीची दिशा पाहा. पश्चिमेच्या उन्हात चमकदार पिवळा आणि गुलाबी लवकर उडतात. गेरूसारखा ऑक्साइड लाल, रामरजसारखा पिवळा आणि काळा टिकतात. फ्लोरोसंट रंग बाहेर घेऊच नयेत.

मिसळलेली छटा पुन्हा हुबेहूब जमत नाही. म्हणून प्रत्येक रंगाचा पावशेर भर रंग छोट्या, काठोकाठ भरलेल्या बाटलीत क्रमांक लिहून सावलीत ठेवा. पहिला पावसाळा संपला की खरवडलेल्या जागा त्यातूनच भरायच्या.