डस्टिन वुल्फ: एनएचएलचा राखीव गोलरक्षक की खालच्या लीगचा मुख्य गोलरक्षक?
बर्फावरील हॉकीच्या अमेरिकन हॉकी लीगमध्ये, म्हणजे एनएचएल (नॅशनल हॉकी लीग) या सर्वोच्च लीगच्या खालच्या लीगमध्ये, 2021-22 आणि 2022-23 असे सलग दोन हंगाम सर्वोत्तम गोलरक्षक ठरलेल्या डस्टिन वुल्फला कॅलगरी फ्लेम्स या एनएचएल संघाने लगेच राखीव गोलरक्षक करायला हवे होते का? तसे झाले असते, तर एनएचएलमधील वेगवान फटके आणि गोलसमोरची गर्दी त्याला रोजच्या सरावात अनुभवता आली असती. परंतु मार्कस्ट्रॉमसारखा अनुभवी मुख्य गोलरक्षक पुढे असताना त्याच्या वाट्याला मोजकेच सामने आले असते, आणि माझ्या मते गोलरक्षकाची लय बाकावर बसून टिकत नाही. खालच्या लीगमध्ये सामने भरपूर होते, आव्हान मात्र फारसे उरले नव्हते. 2023-24 मध्ये दोन्हींचा मेळ घालत संघाने त्याला एनएचएलचे 17 सामने दिले. तोच निर्णय मला अधिक पटतो, कारण पुढच्याच हंगामात त्याने 53 सामन्यांचा भार पेलला.