टीवायजीएस (जीनोमवरून जिवाणू ओळखणारी वेबसेवा) : गरम झऱ्यातल्या जिवाणूंची ओळख पटवताना

तुरळच्या गरम पाण्याच्या कुंडातून आणलेले दोन जिवाणू वर्षभर आमच्या कॉलेजच्या इनक्युबेटरमध्ये ५५ अंशांवर वाढतायत. इतक्या उष्णतेत प्लेट दोन दिवसांत पापडासारखी वाळते, म्हणून अगार जरा जास्त घालायचं आणि प्लेटा ओल्या कापसासोबत प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवायच्या. फिकट पिवळ्या कॉलन्या उगवल्या तेव्हा माझी विद्यार्थिनी म्हणाली, "मॅडम, हे नवीनच आहेत!"

१६एस या, जिवाणू ओळखायला नेहमी वापरतात त्या जनुकाचं सिक्वेन्सिंग एका खासगी लॅबकडून करून घेतलं. पहिल्याचं सर्वांत जवळच्या माहीत प्रजातीशी साम्य ९७.८ टक्के, आणि खाली शेरा : 'नवी प्रजाती असण्याची शक्यता'. ९८.७ च्या खाली गेलं की तसा संशय घेतातच. पण मी क्रोमॅटोग्राम, म्हणजे सिक्वेन्सिंगचा मूळ आलेख, मागवून पाहिला, तर शेवटच्या दोनशेएक बेसांची (डीएनएच्या अक्षरांची) शिखरं एकमेकांत मिसळलेली, आणि ती न कापताच जुळवणी केलेली. पैसे घेऊन असं काम करू नये. पोरगी आठवडाभर नवं नाव शोधत होती. मग २७एफ आणि १४९२आर, म्हणजे जनुक दोन्ही टोकांकडून वाचणाऱ्या दोन्ही प्राइमरांनी वाचून घेतलं, खराब टोकं कापली आणि ईझीबायोक्लाउड या सिक्वेन्स जुळवणाऱ्या संकेतस्थळावर टाकलं. अॅनोक्सीबॅसिलस फ्लॅविथर्मसशी ९९.७! दुसराही ९९.२ आला, म्हणून तो आम्ही जवळजवळ सोडूनच दिला होता.

तरीही दोघांचे जीनोम, म्हणजे पूर्ण डीएनए, वाचून घेतले आणि टीवायजीएसवर चढवले. ही जर्मनीतल्या डीएसएमझेड या जिवाणूसंग्रहाची मोफत सेवा. फाइल टाकायची, ईमेल द्यायचा, निकालाची लिंक येते. तिचा मोठा गुण म्हणजे ती तुलना टाइप स्ट्रेनशीच करते, म्हणजे ज्या वाणावरून प्रजातीचं नाव पक्कं झालंय त्याच्याशी. ब्लास्ट या नेहमीच्या सिक्वेन्स-शोधात पहिलं नाव कुणीतरी चुकीचं लेबल लावलेल्या सिक्वेन्सचं असू शकतं, तो घोळ इथे नाही. निकालाच्या तक्त्यात डी४ चा रकाना बघा, म्हणजे दोन जीनोममधलं साम्य मोजायचं एक सूत्र. अपुऱ्या जीनोमलाही तोच भरवशाचा. प्रजातीची सीमा ७० टक्के. पहिला ८८ वर, म्हणजे जुनाच. दुसरा मात्र ४३! १६एसवरून ज्याला आम्ही ओळखीचा समजलो, तोच वेगळा निघाला.

एक खबरदारी घ्याच. एखाद्या प्रजातीच्या टाइप स्ट्रेनचा जीनोम त्यांच्या साठ्यात नसेल, तर तुमचा जिवाणू उगाच नवा दिसेल. म्हणून एलपीएसएन या जिवाणूंच्या नावांच्या ऑनलाइन यादीत त्या वंशातली सगळी नावं हाताने तपासा. आम्हाला त्याला दोन दुपारी लागल्या.

नाव मिळायला अजून वेळ आहे. दोन वेगवेगळ्या देशांतल्या संग्रहांत वाण जमा करावा लागतो. पोरगी सध्या पुण्याच्या एनसीएमआर या जिवाणूसंग्रहाला पाठवायच्या ट्यूब भरतेय, प्रत्येकीवर पेन्सिलीने 'तुरळ-२' लिहून.